आमच्या तळघरातले भाडेकरू

हैदराबादेत फ्लॅट बघायला गेलं की बिल्डरचा माणूस आधी क्लबहाउस दाखवतो, मग जिम, मग पोहण्याचा तलाव. शेवटी गच्चीवर नेऊन गच्चीबावली दाखवतो. एसटीपी मात्र कुणी दाखवत नाही. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, जनरेटर आणि लिफ्टच्या मध्ये कुठेतरी त्याचा एका ओळीत उल्लेख असतो आणि आपणही तो वाचत नाही. त्या एका ओळीत किती जण राहतात हे मला राहायला आल्यावर चार वर्षांनी कळलं.

एसटीपी म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र. आमच्या सोसायटीत तीनशेच्या आसपास फ्लॅट आहेत. सगळ्यांच्या मोऱ्या, बेसिन, संडास यांचं पाणी बी ब्लॉकच्या तळघरात एकत्र येतं. तिथे ते स्वच्छ होऊन पुन्हा फ्लशला आणि बागेला जातं. उरलेलं पाणी बाहेरच्या नाल्यातून जवळच्या चेरुवूत, म्हणजे तळ्यात जातं. मंडळी, तुमच्यापैकी अनेकांच्या सोसायटीत हीच व्यवस्था असणार. वास आला की आपल्याला तिची आठवण होते. वास नसला की ती जणू नसतेच.

माझा तिच्याशी संबंध आला तो वार्षिक सभेमुळे. कमिटीत कामांची वाटणी चालली होती. गणपती आणि सांस्कृतिक विभागाला चार इच्छुक होते. पार्किंगला दोन, सिक्युरिटीला एक. एसटीपीचं नाव निघालं आणि सगळे मोबाइल बघायला लागले. मग शेजारचे काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही बी.ई. आहात ना?" मी म्हटलं, "हो, पण कॉम्प्युटरमध्ये." ते म्हणाले, "अहो, इंजिनिअर तो इंजिनिअर." टाळ्या पडल्या आणि ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरात गेलो. तिथला ऑपरेटर पन्नाशीचा माणूस. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. शिक्षण दहावीपर्यंत, आणि वीस वर्षं हेच काम. त्यांनी मला आधी ब्लोअर दाखवले, मग हवेच्या बुडबुड्यांनी खदखदणारी तपकिरी टाकी, मग निवळण्याची टाकी. मग एक लिटरचा काचेचा उभा नळा त्या तपकिरी पाण्याने भरून टेबलावर ठेवला आणि घड्याळ बघितलं. अर्धा तास. तेवढ्या वेळात गाळ किती खाली बसतो आणि वरचं पाणी किती नितळ होतं यावर त्यांचा दिवस ठरतो. तो अर्धा तास घालवायला म्हणून त्यांनी पॅनेलच्या खोलीतल्या कपाटातून एक जुना सूक्ष्मदर्शक काढला, काचपट्टीवर एक थेंब ठेवला आणि म्हणाले, "देखो साब. अपने लोगां."

मी डोळा लावला. आधी नुसता तपकिरी कचरा दिसला, भिजलेल्या कापसाच्या बोळ्यांसारखा. मग एका बोळ्याच्या कडेला काहीतरी हललं. लांब देठावर उलटी घंटा. तिच्या तोंडाभोवती बारीक केस भिरभिरत होते आणि आजूबाजूचे कण भोवऱ्यासारखे तिच्यात ओढले जात होते. मी काचेला जरा धक्का दिला, तर देठ स्प्रिंगसारखा आक्रसला आणि घंटा खाली दडली. थोड्या वेळाने हळूहळू पुन्हा वर आली. तिच्या शेजारी दुसरी, मग सात-आठ. एकेका बोळ्यावर चाळीच चाळी.

अण्णा त्यांना 'गंट' म्हणतात. तेलुगूत गंट म्हणजे घंटा. विज्ञानात तिचं नाव व्होर्टिसेला. आपण शाळेत अमीबा आणि चपलेच्या आकाराचं पॅरामिशियम शिकलो, त्याच आदिजीवांच्या, म्हणजे प्रोटोझोआंच्या कुळातली ही. सगळं शरीर एका पेशीचं. घंटेची लांबी मिलीमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढी. देठ आक्रसतो तो काही मिलिसेकंदांत. आमच्या एपीआयलाही उत्तर द्यायला याहून जास्त वेळ लागतो.

अण्णांनी बाकीच्यांनाही नावं ठेवली आहेत. बोळ्यांवर तुरुतुरु चालणारा एक चपटा जीव आहे, ॲस्पिडिस्का. तो त्यांचा 'चीम', म्हणजे मुंगी. डोक्यावर दोन चाकं फिरत असल्यासारखा दिसणारा रोटिफर हा 'चक्रम', कारण तेलुगूत चक्रम म्हणजे चाक. मराठीत चक्रम कुणाला म्हणतात ते मी त्यांना सांगितल्यापासून, सूक्ष्मदर्शकात रोटिफर दिसला की ते न चुकता सोसायटीतल्या एका गृहस्थांची आठवण काढतात. (रोटिफर खरं तर आदिजीव नाही. त्याचं शरीर अनेक पेशींचं असतं. पण राहतो याच वस्तीत.)

आता हे सगळे तिथे करतात काय? मला वाटायचं, एसटीपीत रसायनं टाकून पाणी स्वच्छ करतात. मुख्य काम तसं होतच नाही. सांडपाण्यातली घाण म्हणजे कुणाचं तरी अन्न. ते खायला जिवाणू टपलेलेच असतात, त्यांना फक्त हवा आणि वेळ हवा असतो. ब्लोअर हवा देतो. जिवाणू खातात, वाढतात आणि एकमेकांना चिकटून त्यांचे बोळे तयार होतात. बोळे जड, म्हणून निवळण्याच्या टाकीत ते खाली बसतात आणि वरचं पाणी पुढे जातं. खाली बसलेला गाळ पुन्हा पहिल्या टाकीत आणायचा, म्हणजे कामगार तेच राहतात. ही पद्धत इंग्लंडमधल्या मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये मांडली. आज जगभरातल्या मोठ्या शहरांचं सांडपाणी याच तत्त्वावर स्वच्छ होतं.

पण सगळेच जिवाणू बोळ्यांत सामील होत नाहीत. काही सुटे राहतात. ते इतके हलके असतात की खाली बसत नाहीत आणि त्यांच्यामुळे पाणी गढूळ दिसतं. त्यांत रोगजंतूही असतात. या सुट्यांना कोण पकडणार? इथे आपल्या घंटा कामाला येतात. एकेक आदिजीव दिवसाला हजारो जिवाणू गिळतो. इंग्लंडमध्ये कर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं. त्यांनी छोटे छोटे प्रक्रिया-संच आधी आदिजीवांशिवाय चालवले. बाहेर पडणारं पाणी गढूळ होतं. मग काही संचांत केसाळ आदिजीव सोडले. त्या संचांचं पाणी निवळलं आणि त्यातले जिवाणूही घटले. ज्यांत सोडले नाहीत, ते गढूळच राहिले. मला हा प्रयोग फार आवडला, कारण आम्ही ऑफिसात एखाद्या फीचरचा परिणाम अगदी असाच तपासतो. निम्म्यांना द्यायचं, निम्म्यांना नाही, आणि बघायचं.

या घंटा पहिल्यांदा बघणारा माणूस शास्त्रज्ञही नव्हता. अँटनी व्हान लेव्हेनहूक हा नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी. स्वतः भिंगं घासायचा. १६७४ मध्ये त्याने तळ्याचं पाणी बघितलं आणि त्यात जीव दिसले. १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात देठ आक्रसणाऱ्या या प्राण्याचंही वर्णन होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक कापडवाला ज्याला बघून चकित झाला, त्याला आमच्याकडे दहावी झालेले अण्णा रोज सकाळी सात वाजता बघतात आणि वहीत लिहितात: गंट बारा, चीम पाच.

ती वही हा या गोष्टीचा गाभा आहे. म्हणजे असं, की पाणी किती स्वच्छ झालं हे मोजायची अधिकृत पद्धत बीओडी ही आहे. पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, ते मोजायचं. आपल्याकडे त्यासाठी नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. म्हणजे सोमवारी काय बिघडलं ते लवकरात लवकर गुरुवारी कळणार. आमचा नमुना महिन्यातून एकदा जायचा आणि अहवाल आठवड्याने यायचा. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बंद पडल्याचं पत्र पोस्टाने येण्यासारखं. आदिजीव मात्र त्याच दिवशी सांगतात. टाकी नवी असेल किंवा आजारी असेल, तर बारीक शेपटीवाले जीव आणि अमीबा जास्त दिसतात. जरा बरं चाललं की मोकळे पोहणारे केसाळ जीव येतात. मग बोळ्यांवर चालणाऱ्या मुंग्या, मग देठावरच्या घंटा. गाळ जुना झाला की चक्रम वाढतात. हवा कमी पडली की घंटा देठ सोडून पोहत निघून जाते, जागा सोडून जाणाऱ्या भाडेकरूसारखी. नुसते रिकामे देठ उभे दिसले, की अण्णा आधी ब्लोअर तपासायला जातात.

हे सगळं कळल्यावर मी शहराकडेही वेगळ्या नजरेने बघायला लागलो. अंबरपेटला मुसी नदीच्या काठी शहराचं एक मोठं केंद्र आहे, रोज ३३९ दशलक्ष लिटर क्षमतेचं. तिथे सांडपाणी आधी बंद टाक्यांत खालून वर चढवतात. तिथले जिवाणू हवेशिवाय काम करतात आणि बायोगॅस तयार होतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत ही पद्धत चांगली चालते. त्यानंतर पाणी उघड्या तळ्यांत येतं. तळ्यांत ब्लोअरचं बरंचसं काम शेवाळ करतं. दिवसा उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, जिवाणू तो वापरतात, आदिजीव जिवाणूंना आणि शेवाळालाही खातात. जंतांची अंडी तळाशी बसतात, ऊन काही रोगजंतू मारतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हिरवट पाण्याचं एक सुस्त डबकं आहे. आत मात्र चोवीस तास पंगत उठत असते.

हैदराबादचं आणि सांडपाण्याचं नातं जुनं आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, मुंबई प्रांतात नोकरी केलेले, खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे आपल्याला ठाऊक असलेले ते हेच. पूर अडवायला वरच्या अंगाला जलाशय बांधा, असं त्यांनी सुचवलं. त्यातून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये झाला. त्याबरोबर शहराला भुयारी गटारांची योजनाही त्यांनी आखून दिली. पुढे शहर त्या योजनेच्या कितीतरी पलीकडे पसरलं. आता ३१ नवी केंद्रं मंजूर झाली आहेत, एकूण क्षमता रोजची साडेबाराशे दशलक्ष लिटरांच्या वर. आकडा मोठा आहे, पण प्रत्येक टाकीत राबणार तेच घंटा आणि मुंग्या.

आणि हे पाणी नुसतं वाहून जात नाही. शहराच्या खालच्या अंगाला मुसीच्या पाण्यावर शेतकरी पॅरा गवत पिकवतात. ते गवत शहरातल्या म्हशींना जातं. म्हणजे आपण सकाळी मोरीत सोडलेलं पाणी फिरून आपल्याच चहात येऊ शकतं. त्या शेतात गुडघाभर पाण्यात उभं राहून गवत कापणाऱ्या बाईच्या पायाला काय लागतं, ते आपल्या टाकीत आज किती घंटा आहेत यावरही थोडं अवलंबून आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे हा विषय सभेपुढे आला. विजेचं बिल वाढलं होतं. एका सभासदांनी हिशेब मांडला, की रात्री अकरा ते पाच ब्लोअर बंद ठेवले तर वर्षाला बरीच रक्कम वाचेल. देखभालीचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं त्यांच्या माणसानेही मान डोलावली. "रात्री कोण पाणी वापरतं? काही फरक पडत नाही." अण्णा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "रात को हवा बंद करे तो मर जाते साब." कुणीतरी हसून विचारलं, "कौन मर जाते?" अण्णा म्हणाले, "गंट." सगळी सभा हसली. मी विरोधात मत दिलं. आम्ही तिघेच होतो. महिनाभर करून बघू, असं ठरलं.

मला त्या हसण्याचा राग आला, पण चिडून उपयोग नव्हता. महिनाभर करून बघायचं तर नीट बघू, असं म्हटलं. अण्णा रोज सकाळी एकाच वेळी, एकाच जागेचा थेंब घेऊन मोजायचे. वहीच्या पानाचा फोटो मला पाठवायचे. संध्याकाळी माझी दहा वर्षांची लेक ते आकडे आलेखाच्या कागदावर भरायची. घंटांना निळी पेन्सिल, मुंग्यांना हिरवी, शेपटीवाल्यांना लाल.

पहिल्या आठवड्यात फारसा फरक दिसला नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर मला दोन-तीन हसरे चेहरे आले. दुसऱ्या आठवड्यात निळी रेघ उतरायला लागली आणि थेंबात रिकामे देठ दिसायला लागले. तिसऱ्या आठवड्यात निळी रेघ जवळजवळ तळाला आणि लाल वर. काचेच्या नळ्यात अर्ध्या तासानंतरही वरचं पाणी पिठूळ. लेकीने विचारलं, "बाबा, या मेल्या का?" मी म्हटलं, "काही मेल्या, काही निघून गेल्या." ती म्हणाली, "मग परत बोलवायच्या ना. मत कशाला घेतात त्यावर?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्याच आठवड्याच्या शेवटी खालच्या मजल्यांवर फ्लशच्या पाण्याला वास यायला लागला. चेरुवूच्या काठी फिरायला जाणाऱ्यांनी नाल्याच्या तोंडाशी फेस बघितला. सभा लवकर बोलवावी लागली. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, चूक ऑपरेटरची आहे, त्याला बदला, आम्ही दुसरा देतो. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस एका वाक्यात घरी जाणार होता.

मी लेकीचा कागद भिंतीवर लावला. त्यावर ब्लोअर बंद करायला लागलो ती तारीख काळ्या रेघेने दाखवली होती. जास्त काही बोलावं लागलं नाही. ज्यांनी हिशेब मांडला होता ते सभासद उठून जवळ आले, चष्मा लावून कागद बघितला आणि म्हणाले, "हे कोणी मोजलं?" मी अण्णांकडे बोट दाखवलं. यावेळी कुणी हसलं नाही. प्रयोगशाळेचा अहवाल चार दिवसांनी आला आणि त्यात तेच होतं.

ब्लोअर पुन्हा सुरू झाले. पण विजेचं बिल हाही खरा प्रश्न होता, तो नुसता झटकून चालत नाही. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं एक मीटर घेतलं. रात्री एक ब्लोअर थांबवतो, दुसरा चालू ठेवतो, आणि मीटर खाली आलं की पहिला पुन्हा लावतो. बचत त्या हिशेबापेक्षा कमी झाली, पण झाली. कंत्राट संपल्यावर अण्णांना सोसायटीने थेट नोकरीवर घेतलं. पगार त्यांच्या कामाच्या मानाने अजून कमीच आहे. तो मुद्दा मी पुढच्या सभेत पुन्हा मांडणार आहे. घंटा परत यायला मात्र दीड महिना लागला. बंद करायला एक बटण पुरतं, वस्ती पुन्हा बसायला वेळ लागतो.

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळेच आदिजीव आपल्या बाजूचे नसतात. आव पडते ती एंटामीबामुळे. जिआर्डियामुळे महिनाभर पोट बिघडतं. लेव्हेनहूकने १६८१ मध्ये आपल्याच जुलाबात बघितलेला जीव तो हाच, असं मानतात. क्रिप्टोस्पोरिडियम तर क्लोरीनलाही दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तो नळाच्या पाण्यात शिरला आणि चार लाखांवर लोक आजारी पडले. आणि आदिजीवांचा सर्वांत गाजलेला शोध तर आपल्याच गावातला. बेगमपेटला जुन्या विमानतळाजवळ एक इमारत आहे. सिकंदराबादेत नेमणुकीवर असलेल्या रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला, त्याचं ते स्मारक. हुसेन खान नावाच्या रुग्णाने डासांकडून स्वतःला चावून घेतलं होतं, दर डासामागे एक आणा घेऊन. रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल मिळालं. तो परजीवीही आदिजीवच. एकाच कुळातला एक जण माणसं मारतो आणि दुसरा आमच्या तळघरात पाणी निवळवतो.

यावरून घरात एक वाद झाला. माझे वडील नांदेडहून आमच्याकडे राहायला आले. बागेला एसटीपीचं पाणी घालतात हे त्यांना कळलं. गॅलरीतल्या तुळशीलाही तेच घालू या, असं मी सुचवलं, तर ते म्हणाले, "बागेला घाल, झाडांना घाल. तुळशीला नको." बायको माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, सोवळ्याचा प्रश्न आहे. मी समजवायला लागलो, तर म्हणाले, "अरे, आम्ही तुळशीची पानं तोंडात टाकतो. तुझ्या त्या घंटा सगळे जंतू खातात का?" नाही खात. कितीतरी उरतात, आणि काहींच्या कवचाला क्लोरीनही भेदत नाही. जे कच्चं खायचं त्याला हे पाणी घालायचं नाही, हेच शास्त्र सांगतं. बाबांनी ते शास्त्राच्या भाषेत म्हटलं नव्हतं, एवढंच. तुळशीला नळाचं पाणी मिळतं, जास्वंदीला तळघरातलं, आणि दोघीही छान आहेत.

शेवटी थोडं आपल्या घरातलं. अण्णांच्या वहीत दरवर्षी एक ठरलेला खड्डा दिसतो, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात. कारण सोपं आहे. तीनशे घरं एकाच वेळी फरश्या ॲसिडने घासतात, फिनेल ओततात, ब्लीचिंग टाकतात. लक्ष्मी यायची म्हणून वर झगझगीत आणि खाली घंटांचा संहार. गेल्या दिवाळीत आम्ही ग्रुपवर विनंती टाकली: ॲसिड नको, फिनेल बेताने, साफसफाई तीन आठवड्यांत वाटून घ्या, तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका, ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड संडासात टाकू नका. सगळ्यांनी ऐकलं नाही. पण खड्डा निम्म्यावर आला.

ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांना एक सुचवतो. मनु प्रकाश या आपल्याकडच्या शास्त्रज्ञाने स्टॅनफर्डमध्ये कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक तयार केला आहे, फोल्डस्कोप. वस्तू १४० पट मोठी दिसते. मोबाइलच्या कॅमेऱ्याला लावता येतो. घंटा बघायला तेवढा पुरतो. एसटीपीचा थेंब मुलांच्या हातात देऊ नका. काचपट्टी मोठ्यांनी हातमोजे घालून करायची, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. त्यापेक्षा तळ्याच्या काठचं, बुडालेल्या पानावरचं पाणी घ्या. व्होर्टिसेला तिथेही राहते. हात मात्र तेव्हाही धुवायचेच.

आणि आपल्या सोसायटीच्या तळघरात एकदा जाऊन या. तिथे एखादे अण्णा असतीलच, पण त्यांना कुणी काही विचारलेलं नसेल. त्यांना विचारा, आज गाळ कसा बसला. ते काचेचा नळा भरून टेबलावर ठेवतील. तेवढा अर्धा तास काढा.